लिनक्स आपोआप बसविताना माहिती पुढच्या टप्प्यात कशी न्यावी

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकास हिंजवडी आहे. तेथील राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानात सहस्रावधी अभियंते दिवसरात्र संगणकावर काम करतात. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकास ताम्हिणीचा घाट असून त्या बाजूच्या डोंगरउतारांवरील वाड्यावस्त्यांत लहान लहान प्राथमिक शाळा चालतात. संगणक बिघडला असता पहिल्या ठिकाणी तज्ज्ञ शेजारच्याच खोलीत असतो. दुसऱ्या ठिकाणी शिक्षकालाच तज्ज्ञ व्हावे लागते. प्रस्तुत पाठ या दुसऱ्या ठिकाणच्या शिक्षकासाठी आहे.

अनेक शाळांना कार्यालयांकडून वा दानशूर संस्थांकडून जुने संगणक मिळतात. त्यांची यंत्रे धड असतात, परंतु त्यांवरील प्रणाली जुनी झालेली असते. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि असे कितीतरी संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा यंत्रांना लिनक्स ही मुक्त प्रणाली उपकारक ठरते. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिच्या गाभ्याचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते, तिच्यात मराठी भाषा निवडता येते आणि एकाच प्रतीवरून कितीही संगणकांवर ती बसविण्यास मुभा आहे. केरळ राज्यात २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पाने शासकीय शाळांतील संगणकशिक्षण कालांतराने मुक्त प्रणालींवरच आणले. तेव्हा हा मार्ग शाळांना नवा नाही.

एका संगणकावर लिनक्स बसविणे अवघड नाही. पडद्यावर प्रश्न येतात, त्यांची उत्तरे द्यावयाची असतात. परंतु दहा संगणक असले म्हणजे तेच प्रश्न दहा वेळा येतात, आणि सातव्या-आठव्या यंत्राशी कंटाळलेल्या मनुष्याकडून चूक होते. यास्तव सर्व उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवण्याची सोय आहे. फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स व त्यांच्या गोत्रातील अल्मालिनक्स, रॉकी इत्यादी लिनक्समध्ये या उत्तरपत्रिकेस ‘किकस्टार्ट फाइल’ म्हणतात. ती वाचून ‘ॲनाकोंडा’ नावाचा बसविणारा कार्यक्रम मनुष्याच्या मदतीवाचून सर्व काम पार पाडतो.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. काही उत्तरे आधी ठाऊक नसतात. या संगणकात डिस्क कोणती आहे, हा दहापैकी कितवा संगणक आहे, हे यंत्र सुरू झाल्यावरच कळते. पहिल्या टप्प्यात कळलेली ही गोष्ट शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचली नाही, तर सर्व संगणकांची नावे एकच होतात. क्वचित भलतीच डिस्क पुसली जाते. ही माहिती पुढे कशी न्यावी, हाच या पाठाचा विषय होय.

पाठाचा हेतू

१. लिनक्स आपोआप बसण्याचे टप्पे व प्रत्येक टप्प्याची मर्यादा समजावून घेणे.
२. एका टप्प्यातील माहिती दुसऱ्या टप्प्यात आपोआप का जात नाही, हे उमगणे.
३. ती नेण्याचे मार्ग व प्रत्येकाचा योग्य उपयोग जाणणे.
४. शाळेचे जुने दप्तर नष्ट होऊ नये म्हणून घ्यावयाची दक्षता शिकणे.

पूर्वज्ञान

शिक्षकास फाइल, फोल्डर, डिस्क आणि पेन ड्राइव्ह यांची ओळख असावी. पूर्वी एकदा तरी हाताने लिनक्स बसविलेले असल्यास उत्तम. या पाठातील आज्ञांचे शब्द उच्चाराप्रमाणे नागरी लिपीत दिले आहेत; संगणकावर ते रोमन लिपीतच टंकावे लागतात.

विषयप्रवेश : अंगणातील पाटी

हे प्रात्यक्षिक संगणकावाचून होते. सहावी-सातवीच्या वर्गात ते घ्यावे. शिक्षकांनी ते आधी आपसांत करून पाहिल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

एका मुलास अंगणात पाठवावे. त्याने अंगणातील झाडे मोजावयाची आणि लगेच पलीकडच्या मैदानावर निघून जावयाचे. दुसरा मुलगा वर्गात बसेल. वर्गाचे दार बंद राहील व त्याने दाराबाहेर पाहावयाचे नाही. झाडांची संख्या त्याने वहीत लिहावयाची आहे.

पहिल्या खेपेस अंगणातील मुलाने संख्या केवळ मनात ठेवावी. तो निघून गेला की संख्याही गेली. वर्गातील मुलाची वही कोरीच राहते.

दुसऱ्या खेपेस त्याने संख्या पाटीवर लिहून पाटी अंगणातच ठेवावी. वर्गातील मुलास सांगावे, “पाटीवर पाहून लिही.” तो वर्गातली पाटी उचलतो, ती कोरी असते. मुले हसतील. त्यांना हसू द्यावे, कारण या पाठाचे मर्म त्या कोऱ्या पाटीतच आहे. पाटी म्हटल्यावर ज्याला जी दिसते तीच तो घेतो.

तिसऱ्या खेपेस उंबरठ्यावर एक तिसरा मुलगा उभा करावा. त्यास अंगणही दिसते आणि वर्गही. त्याने अंगणातील पाटीवरची संख्या वर्गातील पाटीवर उतरवावी आणि बाजूला व्हावे. आता वर्गातील मुलगा बिनचूक लिहितो.

शेवटी मुलांना विचारावे : पहिल्या मुलाने आळस केला काय? दुसऱ्याने चूक केली काय? दोघांनीही आपापले काम नीट केले होते. उणीव होती ती दोघांमधील दुव्याची.

विषयविवेचन : बसविण्याचे टप्पे

संगणक पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून सुरू केला म्हणजे ॲनाकोंडा डिस्कवर नव्हे, तर संगणकाच्या स्मृतीत म्हणजे रॅममध्ये उभा राहतो. हे त्याचे तात्पुरते घर होय. काम संपून संगणक पुन्हा सुरू झाला की हे घर नाहीसे होते. पावसाळ्यात वीज गेली तरी तेच होते. तोवर स्मृतीत साठविलेले सर्व पुसले जाऊन काम मुळापासून करावे लागते.

या तात्पुरत्या घरात काम पुढील क्रमाने चालते.

पहिला टप्पा ‘प्री’ होय. किकस्टार्ट फाइल हाती आल्यावर, परंतु ती पूर्णपणे वाचून तिचा अर्थ लावण्याआधी, तीतील ‘प्री’ विभागातील स्क्रिप्ट चालते. डिस्कला अद्याप हात लागलेला नसतो. यंत्राची पाहणी करावयाची ती येथेच.

दुसऱ्या टप्प्यात मुख्य आज्ञा वाचल्या जातात : भाषा कोणती, कालविभाग कोणता, डिस्कचे भाग कसे पाडावयाचे इत्यादी. त्याप्रमाणे डिस्क पुसून तिचे नवे भाग पाडले जातात. भाग पाडून झाल्यावर व कार्यक्रम उतरविण्याआधी काही करावयाचे असेल, तर त्यासाठी ‘प्री-इन्स्टॉल’ असा वेगळा विभाग आहे. साध्या कामात त्याची गरज पडत नाही.

तिसऱ्या टप्प्यात निवडलेले कार्यक्रम डिस्कवर उतरविले जातात. यास सर्वांत अधिक वेळ लागतो.

चौथा टप्पा ‘पोस्ट’ होय. नवी प्रणाली डिस्कवर तयार झालेली असते, परंतु अद्याप तिने कारभार हाती घेतलेला नसतो. शाळेचे विशेष बदल, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांसाठी खाते उघडणे किंवा पाठ्यसाहित्य योग्य जागी ठेवणे, या टप्प्यात करावयाचे असतात.

पाचवा टप्पा म्हणजे संगणक पुन्हा सुरू होऊन नवी प्रणाली प्रथमच जागी होणे.

यांतील पहिला आणि चौथा हे दोन टप्पे शिक्षकाच्या हातातले असून प्रत्येकाच्या शेवटी ‘एंड’ हा शब्द लिहावा लागतो. या दोहोंच्या मध्ये एक भिंत आहे. ती नीट समजावून घेतली पाहिजे.

भिंत कोठे आहे?

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते असे की, प्रत्येक स्क्रिप्ट स्वतंत्रपणे चालते व संपते. बीजगणितात ‘क्ष बरोबर पाच’ असे मानावे, त्याप्रमाणे स्क्रिप्टमध्ये एखाद्या चलास किंमत देता येते. परंतु स्क्रिप्ट संपली की तो चलही संपतो. प्री टप्प्यात ठरविलेला चल पोस्ट टप्प्यात शोधला असता रिकामा आढळतो. संख्या मनात ठेवून मैदानावर गेलेला मुलगा तो हाच.

यावर कोणी म्हणेल, “मग फाइलीत लिहून ठेवावे.” हे बरोबर आहे, परंतु पुरेसे नाही. प्री टप्प्यात तात्पुरत्या वस्तूंसाठी ‘टीएमपी’ नावाचे फोल्डर असते, त्यात फाइल लिहिता येते. पुढे पोस्ट टप्प्यातही ‘टीएमपी’ नावाचे फोल्डर असते. शिक्षक तेथे आपली फाइल शोधतो आणि ती सापडत नाही. कारण ही दोन फोल्डरे वेगळी आहेत. पहिले बसविणाऱ्याच्या तात्पुरत्या घरातले, दुसरे डिस्कवरच्या नव्या घरातले.

पुण्याजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द अशी दोन गावे आहेत. पत्त्यावर केवळ ‘आंबेगाव’ लिहिले तर पत्र दोहोंपैकी कोठेही जाऊ शकते. संगणकाच्या फोल्डरांस मात्र बुद्रुक-खुर्द अशी उपपदे नसतात. कोण पाहत आहे, यावरून कोणते ‘टीएमपी’ ते ठरते.

पोस्ट टप्प्यातील स्क्रिप्टची दृष्टी नव्या घरापुरती मर्यादित का असते, हेही सांगितले पाहिजे. लिनक्समध्ये सर्व फोल्डरे एका मुळापासून फुटलेल्या फांद्यांप्रमाणे मानली जातात. पोस्ट टप्प्यात ॲनाकोंडा ते मूळच बदलतो. डिस्कवरील नवी प्रणाली हेच आता सारे जग आहे, असे स्क्रिप्टला भासवितो. या क्रियेस ‘क्रूट’ म्हणजे मूळ-बदल म्हणतात. यात लाभ आहे : स्क्रिप्टमधील आज्ञा जणू नव्या प्रणालीतच चालत असल्यामुळे खाते उघडले ते तेथेच उघडते, कार्यक्रम बसविला तो तेथेच बसतो. परंतु दार बंद केलेल्या वर्गाप्रमाणे बाहेरचे अंगण मात्र दिसत नाही.

माहिती नेण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग : चिठ्ठी मुख्य आज्ञांत जोडणे. प्री टप्पा मुख्य आज्ञांचा अर्थ लावण्याआधी चालतो, हे वर सांगितले. याचा उपयोग असा की, प्री स्क्रिप्टने ‘टीएमपी’मध्ये एक छोटी फाइल लिहावी आणि मुख्य फाइलीत त्या जागी ‘इन्क्लूड’ ही आज्ञा देऊन तिचे नाव द्यावे. ॲनाकोंडा तेथे आला की ती चिठ्ठी उघडतो आणि तीतील ओळी मुख्य फाइलीतच लिहिल्या आहेत असे समजून त्या पाळतो. दोन्ही टप्पे तात्पुरत्या घरातच होत असल्यामुळे येथे भिंत आड येत नाही. डिस्कची निवड व संगणकाचे नाव यांसाठी हा मार्ग योग्य होय.

दुसरा मार्ग : उंबरठ्यावरून नेणे. पोस्ट विभागास ‘नोक्रूट’ हा पर्याय जोडला असता तो विभाग मूळ न बदलता चालतो. त्यास तात्पुरते घर दिसते आणि नवे घरही दिसते. नवे घर त्याला ‘एमएनटी’ या फोल्डरातील ‘सिसइमेज’ या जागी जोडलेले आढळते. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सिसरूट’ हे नाव वापरतात. आपल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत हे नाव आधी पाहून ठेवावे. या विभागात एकच काम करावे : ‘सीपी’ या आज्ञेने तात्पुरत्या ‘टीएमपी’मधील चिठ्ठी नव्या घरातील ‘रूट’ या फोल्डरात उतरवावी. त्यानंतर दुसरा, साधा पोस्ट विभाग लिहावा. त्यास ती चिठ्ठी आपल्याच घरातील ‘रूट’ फोल्डरात मिळते.

येथे क्रमाला महत्त्व आहे. पोस्ट विभाग एकाहून अधिक असल्यास ते फाइलीत ज्या क्रमाने लिहिले असतील त्याच क्रमाने चालतात. म्हणून उंबरठ्यावरचा विभाग आधी आणि वर्गातला नंतर. हा क्रम उलटला तर वर्गातील मुलगा वही मिटून बसल्यावर पाटी आत येईल.

तिसरा मार्ग : आरंभीची ओळ. संगणक सुरू करतानाच गाभ्याला जी आज्ञांची ओळ दिली जाते, तीत आपला एखादा शब्द जोडता येतो. जसे संगणकाचा क्रमांक. ही ओळ ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘सीएमडीलाइन’ या फाइलीत प्री व पोस्ट या दोन्ही टप्प्यांना वाचता येते. भिंतीच्या दोन्ही अंगांस ती दिसते. परंतु हा शब्द प्रत्येक यंत्रापाशी बसून मनुष्याने टंकावा लागतो, आणि यंत्राची पाहणी केल्यावर कळणारी माहिती तीत लिहिता येत नाही. दोन-तीन संगणकांसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

उदाहरण : दहा संगणकांची नावे

दहा संगणकांना ‘शाळा-१’ पासून ‘शाळा-१०’ पर्यंत नावे द्यावयाची आहेत असे समजावे. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क-कार्डास कारखान्यातून आलेला एक क्रमांक असतो व तो प्रत्येकाचा वेगळा असतो. शिक्षकाने आधी दहाही क्रमांकांची यादी करून ती प्री स्क्रिप्टमध्ये लिहावी. कोणता क्रमांक म्हणजे कितवा संगणक, एवढेच त्या यादीत असेल.

संगणक सुरू झाल्यावर प्री स्क्रिप्ट आपल्या यंत्राच्या कार्डाचा क्रमांक वाचते, यादीत तो शोधते आणि दोन चिठ्ठ्या लिहिते. पहिल्या चिठ्ठीत ‘नेटवर्क’ या आज्ञेची ओळ असते, जीत संगणकाचे नाव येते. ती ‘इन्क्लूड’ने मुख्य आज्ञांत जोडली जाते. दुसऱ्या चिठ्ठीत केवळ संगणकाचा अंक असतो. ती ‘नोक्रूट’ विभाग नव्या घरात नेतो. साधा पोस्ट विभाग तो अंक वाचून, उदाहरणार्थ, पहिल्या पाच संगणकांवर चौथीपर्यंतचे आणि पुढच्या पाचांवर वरच्या इयत्तांचे साहित्य ठेवतो. एकच माहिती, परंतु दोन ठिकाणी लागणारी; म्हणून दोन वाटांनी नेलेली.

यादीत नसलेला अकरावा संगणक कोणी जोडला तर काय? स्क्रिप्टने त्यास मनचे नाव देऊ नये. तिने चिठ्ठी लिहूच नये. ‘इन्क्लूड’मध्ये सांगितलेली फाइल सापडली नाही की ॲनाकोंडा चूक दाखवून थांबतो, आणि अशा वेळी थांबणेच हिताचे.

सर्वांत नाजूक चिठ्ठी : डिस्कची

नाव चुकले तर पुन्हा देता येते. डिस्क चुकली तर उपाय नाही.

शाळेतील संगणकावर काय असते, याचा विचार करावा. दाखल-खारीज रजिस्टराच्या प्रती, जुन्या विद्यार्थ्यांचे गुणपत्रक, पटनोंदणी, शाळेच्या कार्यक्रमांची छायाचित्रे. एखादा माणूस वीस वर्षांनी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेच्या दारी येतो, तेव्हा याच नोंदी त्याच्या कामी येतात. शहाणा शिक्षक लिनक्स बसविण्याआधी या सर्वांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढतो. आणि मग घाईत ती बाहेरची डिस्क संगणकाला जोडलेलीच राहते.

किकस्टार्ट फाइलीत ‘सर्व डिस्क पुसाव्या’ असे लिहिले असेल, तर आतली डिस्क पुसली जातेच, पण तिच्याबरोबर ती प्रतही पुसली जाते. मूळ आणि नक्कल एकाच घटकेत नष्ट होतात.

कोणी म्हणेल, फाइलीत पहिल्या डिस्कचे नाव लिहावे म्हणजे झाले. परंतु लिनक्स डिस्कांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे त्या ज्या क्रमाने सापडतील त्याप्रमाणे देते. एका वेळी जी ‘एसडीए’ ती पुढच्या वेळी ‘एसडीबी’ होऊ शकते. पुन्हा, अनेक बाहेरच्या हार्ड डिस्का आपण ‘काढता येण्याजोग्या’ आहोत असे संगणकाला सांगतच नाहीत. त्या खुणेवर विसंबल्यास फसगत होते.

म्हणून प्री स्क्रिप्टने पुढीलप्रमाणे काम करावे. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा जोडलेल्या डिस्कांची यादी देते. तीत ‘ट्रॅन’ हा रकाना मागितल्यास प्रत्येक डिस्क कोणत्या मार्गाने जोडली आहे ते कळते : आतली डिस्क ‘साटा’ किंवा ‘एनव्हीएमई’ असे दाखविते, यूएसबीने जोडलेली ‘यूएसबी’ असे दाखविते. यूएसबीच्या डिस्का वगळाव्या. उरलेली डिस्क नेमकी एकच असेल, तरच ‘इग्नोरडिस्क’ आज्ञेला ‘ओन्ली-यूज’ हा पर्याय जोडून तिचे नाव चिठ्ठीत लिहावे. हे नाव ‘बाय-आयडी’ फोल्डरातील कायम नाव असावे. ते यंत्र पुन्हा सुरू झाल्याने बदलत नाही. उरलेल्या डिस्का दोन असतील किंवा एकही नसेल, तर चिठ्ठी न लिहिता स्क्रिप्टने अपयश कळवावे. प्री विभागास ‘एरर-ऑन-फेल’ हा पर्याय जोडलेला असला म्हणजे ॲनाकोंडा तेथेच थांबतो व चूक दाखवितो.

या सर्वांपेक्षा सोपा आणि खात्रीचा उपायही विसरू नये : बाहेरची डिस्क काढून कपाटात कुलुपात ठेवावी व नंतरच बटण दाबावे. स्क्रिप्ट ही दुसरी राखण होय, पहिली नव्हे.

तुलना

हीच रचना लिनक्सच्या इतर गोत्रांतही निराळ्या नावांनी आढळते. डेबियनमध्ये उत्तरपत्रिकेस ‘प्रीसीड’ म्हणतात. तेथे आरंभी चालणारी ‘अर्ली कमांड’ आणि अखेरीस चालणारी ‘लेट कमांड’ असते. नवे घर ‘टार्गेट’ या फोल्डराला जोडलेले असते. विशेष असा की, लेट कमांड मुळातच उंबरठ्यावर उभी असते. नव्या घरात शिरून काम करावयाचे असेल तेव्हा ‘इन-टार्गेट’ हा शब्द आज्ञेआधी लावावा लागतो. म्हणजे किकस्टार्टमध्ये पोस्ट विभाग आत असतो व बाहेर राहण्यास पर्याय द्यावा लागतो. डेबियनमध्ये तो बाहेर असतो व आत जाण्यास शब्द लावावा लागतो. दोन्हींत प्रश्न तोच : आज्ञा चालते आहे ती कोणत्या घरात?

हा प्रश्न शिक्षकास अपरिचित नाही. विद्यार्थी एक शाळा सोडून दुसरीत जातो तेव्हा पहिल्या शाळेचे रजिस्टर त्याच्याबरोबर जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला जातो. दाखल्यात जे लिहिले तेवढेच नव्या शाळेस कळते. जे लिहिले नाही ते मागच्या गुरुजींना कितीही ठाऊक असले तरी नव्या शाळेच्या दृष्टीने नाहीच.

फलकलेखन

प्री (अंगण) : पाहणी करा, चिठ्ठी लिहा.
मुख्य आज्ञा (अंगण) : इन्क्लूडने चिठ्ठी जोडा.
पोस्ट, नोक्रूट (उंबरठा) : चिठ्ठी नव्या घरात उतरवा.
पोस्ट (वर्ग) : चिठ्ठी वाचा, काम करा.
चिठ्ठी नाही : थांबा.

दक्षता

१. चिठ्ठी नव्या घरातील ‘टीएमपी’मध्ये ठेवू नये. फेडोरात ते फोल्डर स्मृतीत उभारलेले असते व संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी रिकामे मिळते. पाचव्या टप्प्यास जी माहिती लागेल ती ‘रूट’सारख्या कायम फोल्डरात ठेवावी.

२. परवलीचा शब्द उघड लिहून कोणत्याही चिठ्ठीतून नेऊ नये. किकस्टार्ट फाइलीत तो सांकेतिक रूपात लिहिण्याची सोय आहे. विद्यार्थ्यांची नावे किंवा जन्मतारखाही या मार्गाने नेण्याचे कारण नाही.

३. स्क्रिप्टला ‘लॉग’ हा पर्याय जोडल्यास तिच्या कामाची नोंद फाइलीत होते. परंतु प्री टप्प्याची ही नोंद तात्पुरत्या घरातच राहते. म्हणून तीही चिठ्ठीबरोबर उंबरठ्यावरून आत आणावी. काही बिघडले असता कारण शोधण्यास तिचा आधार होतो.

४. फाइलीची लेखनशुद्धी ‘केएसव्हॅलिडेटर’ या साधनाने तपासता येते. मात्र प्री व पोस्ट विभागांतील स्क्रिप्ट बरोबर आहेत की नाहीत, हे ते सांगत नाही. म्हणून प्रथम एकाच, रिकाम्या डिस्कच्या संगणकावर प्रयोग करावा व त्यानंतर उरलेल्या नऊकडे वळावे.

५. काम संपल्यावर नव्या प्रणालीतील ‘रूट’ फोल्डरात ‘ॲनाकोंडा-केएस’ या नावाची फाइल सापडते. प्रणाली कोणत्या उत्तरांनी बसली, हे तीवरून कळते. ती जपून ठेवावी.

उजळणीचे प्रश्न

१. प्री टप्प्यात चलास दिलेली किंमत पोस्ट टप्प्यात का मिळत नाही?
२. एका शिक्षकाने प्री टप्प्यात ‘टीएमपी’मध्ये फाइल लिहिली आणि साध्या पोस्ट विभागात ‘टीएमपी’मध्ये शोधली. ती का सापडली नाही? दुरुस्ती सांगा.
३. डिस्कच्या निवडीसाठी पहिला मार्ग का चालतो आणि दुसरा का चालत नाही? (संकेत : डिस्क कोणत्या टप्प्यात पुसली जाते?)
४. चिठ्ठी सापडली नाही तर अंदाजाने पुढे जाण्यापेक्षा थांबणे का चांगले?

स्वाध्याय

शिक्षकांनी आपल्या शाळेतील संगणकांची एक यादी तयार करावी. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क-कार्डाचा क्रमांक, डिस्कची संख्या व प्रत्येक डिस्क जोडण्याचा मार्ग एवढे तीत असावे. ही यादी वहीत लिहून शाळेच्या दप्तरी ठेवावी. बदली झाल्यास कार्यभार सोपविताना ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. संगणक ज्याने बसविले त्याच्याच डोक्यात ही माहिती राहिली, तर तो गेल्यावर शाळेचे काम अडते. आणि मग दहा चांगले संगणक खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात पडतात. त्यांत बिघाड काहीच नसतो. पुढच्या माणसापर्यंत चिठ्ठी पोचलेली नसते, एवढेच.